एक कोयता

आमच्या अर्थशास्त्राच्या संस्थेत तो माझ्या एक वर्ष पुढे होता. बोलायचं असलं की आधी पेनाला टोपण लावायचा, मग सावकाश एक वाक्य. माझ्याच जिल्ह्यातला, पाथर्डीकडचा. घरचं विचारलं की विषय बदलायचा.

त्याच्या सर्व्हेसाठी गेल्या हंगामात आम्ही देवळाली प्रवरेजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, हिंडत होतो. एकाला मी विचारलं, "घरातून तोडीला किती जण?"

"एक कोयता हाय."

मी शहरात, सावेडीत वाढलेला. फॉर्मवर 'एक' लिहिलं आणि निघालो.

फाट्यावर चहा घेताना त्याने माझे फॉर्म चाळले. टोपण लावलं. "कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक."

"मग दोन कर ना."

"तिला कुठे विचारलंस?"

तो उन्हातून परत निघाला, मागोमाग मी. बाई कोपीपुढे भांडी घासत होती. तो कोरा फॉर्म काढून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ह्यांनी सांगितलं की मगाशी," ती म्हणाली.

"त्यांचं झालं, मावशी. आता तुमचं सांगा. सकाळी कवा उठता?"

त्याच्या तोंडून 'कवा' मी पहिल्यांदाच ऐकलं. ती राखेचे हात तसेच ठेवून बोलत राहिली. त्याने पानाच्या मागची बाजूही भरली.

परतताना मी विचारलं, "तुझ्या घरून कोण जायचं तोडीला?"

त्याने टोपण लावलं. मी वाक्याची वाट पाहत फाट्यापर्यंत चालत आलो.