झिलीतला आवाज

बायको गेली. फोटो राह्यला, लुगडी राह्यली, आवाज कुठंच नव्हता. मंग पोरगी म्हणे, "बाबा, विहारातलं गाणं हाय ना माह्या मोबाइलमंदी." पावसाळाभर विहारात वर्षावास चालते, त्यात बायका गात होत्या तवा तिनं भरून घेतलं होतं. ते तिनं मले पाठवून देलं.

मोबाइलवर लावलं तं नुसता कालवा. म्हणून हेडफोन घ्याले शेलूबाजारले गेलो.

दुकानदारानं पहिले कानात खुपसायचे देले. ते माह्या कानात टिकत नाई. बिनवायरच्याले रोज चार्जिंग लावा, ते ध्यानात राहत नाई. मंग अख्खा कान झाकणारा काढला. लय जड. चश्म्याची दांडी कानामांगं रुतली, अन् वरून दुपट्टा बांधता येईना.

"दुपट्टा सोडा ना मंग, बाबा."

"डोक्सं उघडं ठेवून उन्हात वावरात मी जाऊ? तू जाय."

तो हसला अन् वायरचा हलका काढला. कानावर नुसत्या मऊ गाद्या टेकतात. पट्टी बारीक, दुपट्ट्याखाली बसते. बाहेरचंही ऐकू येते, वावरात डुकरं घुसले तं समजते.

त्याच्यात गाणं लावलं. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या मागून तीच ओळ धरतात, त्याले झील म्हणतात. आमची कधी पुढं होऊन गायली नाई, झिलीतच राहे. पहिल्यांदा सगळं साफ ऐकू आलं, अन् त्याच्यात आमची कोणती ते मले समजलं नाई.

"याच्याहून भारी दे. एकाच बाईचा आवाज निवडून काढते असा."

"असा येतच नाई, बाबा. भरला तसाच वाजन."

"तुले माहीत नसन."

त्यानं बिचाऱ्यानं आणखी दोन लावून देले. सगळ्यात तेच. हलका घेऊन आलो.

वावरात रोज ऐकत राह्यलो. एका ओळीच्या शेवटी एक आवाज मांगं राह्यते, जरासा लांबते. मी ठरवलं, हीच ती. दिवसभर तेवढंच लावत बसो. मंग शेजारणीले बोलावलं. तीही तवा झिलीत होती. तिच्या कानाले हेडफोन लावला अन् म्हटलं, "हा आवाज पाहा बरं."

"भाऊजी, हे तं मी व्हय. माहा दम पुरत नाई, म्हणून मांगं राह्यते."

"अन् आमची?"

"माह्या बाजूलेच बसली होती." तिनं डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मंग हेडफोन काढून माह्या हातात देला. "नाई ओळखू येत, भाऊजी."

जलमभर एका घरात राह्यलो. चहा घ्या, जेवाले या, बैल सोडले काय, एवढं बोलली असती त्याच्यात तं झोपेतही ओळखलं असतं. गाताना तिच्याकडं मी कधी ध्यानच देलं नाई. अन् गाण्यात ती मले हाक कायले मारन?

आता शेजारणीचा आवाज लागला का मी दोन्ही गाद्या कानावर दाबतो अन् तिच्या बाजूले ऐकतो. बाजूलेच होती म्हणते. असन तिथंच.