हिरोच्या ताटातलं कारलं

मंडळी, आज मी सूड उगवला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

नायगावला एका मालिकेच्या सेटवर मी प्रॉपर्टी मास्टर आहे. सीनमध्ये दिसणारं ताट, वाटी, भाजी, सगळं माझ्याकडे. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या सीनसाठी मी वसईतल्या पापडीहून, आईच्या घरून, तिची लोणच्याची बरणी आणली होती. चिनी मातीची, तिच्या लग्नातली. आमच्या हिरोला संवाद आठवेना. चिडून त्याने बरणी आपटून फोडली आणि वर म्हणाला, "प्रॉपर्टीच आहे ना, दुसरी आण."

आज त्याला सीनमध्ये बायकोच्या हातची कारल्याची भाजी आवडीने खायची होती. एरवी मी पडवळाची भाजी ठेवतो, कॅमेऱ्यात फरक कळत नाही. आज अस्सल कारलं दिलं. मीठ लावून पिळलंसुद्धा नाही.

पहिल्याच घासाला त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"प्रॉपर्टी आहे सर. दुसरी आणू?"

दिग्दर्शक समोर होते, त्यामुळे गिळावं लागलं. संवाद तो आजही विसरला. सात टेक झाले आणि दर टेकला मी ताट पुन्हा पहिल्यासारखं भरलं.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी दिग्दर्शकांना बायकोवरचं प्रेम वाटलं. एवढं आवडलं की आता मालिकेत कारलं ही त्याची लाडकी भाजी ठरली आहे.

घरी आलो तर आईचा फोन. "बरणी कधी आणतोस रे?" तिला अजून सांगितलेलं नाही.

वसईत सगळ्यात कडू कारली कुठे मिळतात, कोणी सांगेल का?