कुंपण काढण्यापुरते पैसे

व्हँकूवर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस जाता जात नाही. त्या पावसावर वाढलेलं जुनं रान कधीकाळी साफ तोडलं गेलं आणि नंतर तिथे एकाच जातीची झाडं दाटीवाटीनं लावली गेली. खाली उजेडच पोचत नाही, मग उगवणार काय, कपाळ! अशा एका उतारावर मूळचं रान परत आणता येईल का, हे आमच्या प्रोफेसरबाई शोधत होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली होते. आम्ही झाडं विरळ केली, मोकळ्या जागी त्या रानातल्या मूळच्या सीडर वृक्षांची रोपं लावली. हरणांना त्यांचे कोवळे शेंडे फार आवडतात, म्हणून भोवती जाळीचं कुंपण घातलं. रोपं गुडघ्यापर्यंत आली होती. मला त्यांचा भयंकर लळा लागला होता.

दोन हजार सतराच्या सुमारास निधी संपत आला. नवा मिळाला नाही तर काम बंद, हे दोघींना ठाऊक होतं. एकदा डबा खाताना मी बाईंना आमच्या कोकणातल्या देवराईबद्दल सांगितलं. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. बाईंना तो शब्द इतका आवडला की नव्या निधीसाठी करायच्या सादरीकरणात त्यांनी तो पहिल्याच स्लाइडवर घातला. "दे-व-रा-ई" असं घोकत बसायच्या. मी तर हरखूनच गेले.

सादरीकरण झाल्यावर निधी देणाऱ्या समितीतले एक गृहस्थ प्रसन्न हसून म्हणाले, "ब्यूटिफुल आयडिया! मग आपणही तेच करू या. हात लावायचाच नाही. त्याला फंडिंग कशाला?"

बाकीचेही हसले. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणाले, "सर, देवराई कोणी आधी तोडलेली नसते. हे रान तोडलेलं आहे." पण आमची वेळ संपली होती. नकार आला तोही फार गोड भाषेत.

नवरा कॅनडातल्याच, पण पार पूर्वेकडच्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. फोनवर म्हणाला, "अगं, झाडंच ना ती? विंटरच्या आत इकडे ये, इथे काहीतरी अप्लाय कर." मी फोन आपटला.

तिथे काम करायच्या परवान्याची अट अशी, की काम थांबलं की रानात आपलं काही ठेवायचं नाही. जाळीसुद्धा नाही. तेवढ्यापुरते पैसे मात्र शिल्लक होते. भर पावसात बाई आणि मी तारा कापत, जाळी गुंडाळत राहिलो. दुपारी हरणं येऊन कडेला उभी राहिली. तिथली हरणं माणसाला भीत नाहीत. मी मराठीतून शिव्या घातल्या, काटक्या फेकल्या. ती चार पावलं मागे सरायची आणि पुन्हा यायची.

"लीव्ह देम," बाई म्हणाल्या. "दे आर हंग्री."

शेवटचं भेंडोळं ट्रकमध्ये टाकून आम्ही आत बसलो. हरणं आमच्या रोपांत शिरली होती आणि मेथी खुडावी तसा एकेक शेंडा खुडत होती. बाईंना गाडी सुरू करवेना.