उसन्या नाकाची बिअर

दिन्हचा अंगठा सकाळपासून थांबला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर तो बसला होता. समोरच्या कॉफीचं पार पाणी झालं होतं, डावा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता, आणि फोनवर माणसं येत होती, जात होती. याला फॉलो कर, त्याला काढ, काढलेल्याला पुन्हा घे. बघणाऱ्याला वाटावं, गडी मुलीसाठी स्थळं बघतोय.

"अहो, त्या दाढीवाल्याला काल काढलात ना?" त्याची बायको, न्यान, खांद्यावरून डोकावली.

"काढला होता. पण आज त्याने बरं लिहिलंय."

"मग राहू द्या."

"पण ते दुसऱ्याचं ढापलेलं वाटतंय."

"मग काढा! नाहीतर बोलवा त्याला एकदाचं जेवायला आणि विचारा. गुडघा थांबवा आधी, टेबल हलतंय."

सायगॉनच्या फू न्युआन भागातल्या त्या गल्लीत दिन्ह बिअर बनवायचा. मागे टाक्या, पुढे बार, आणि बारवर त्याचा भागीदार क्वेन. दिन्हचा बाप याच भागात हातगाडीवरून बिअरच्या टपऱ्यांना बर्फ पोचवायचा. उन्हाचा तडाखा असा की बर्फाशिवाय इथे बिअर कोणी तोंडाला लावत नसे, अजूनही फारसं कोणी लावत नाही. पण दिन्ह मोठ्या कारखान्यात बिअर शिकला, मग स्वतःची बनवू लागला, आणि बर्फाचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. त्याच्या बारमध्ये बर्फ मागणाऱ्याला क्वेन हसत हसत शेजारची टपरी दाखवायचा. या नव्या बिअरवाल्यांची सगळी जमातच नाकाने कांदे सोलणारी, आणि दिन्ह त्यांत पुढे.

दोन वर्षांपूर्वी मात्र तापाने त्याचं ते नाकच नेलं. ताप आठवड्यात उतरला, वास काही परत आला नाही. कडू, गोड, आंबट, खारट एवढं जिभेला ढोबळमानाने कळायचं, बाकी सगळ्याचा पत्ता नाही. स्वतःची बिअर म्हणजे थंड, कडू, फेसाळ पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हे न्यानशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं, निदान त्याची तशी समजूत होती. बाहेर कळलं तर बिअर बनवणारा म्हणून आपण संपलो, ही भीती तो उशाशी घेऊन झोपायचा.

जुन्या मापांनी बिअर बनवता येते, पण टाकीत काय शिजतंय ते नाकच सांगतं. विचारायचं कोणाला? आमच्याकडे समोरच्याला तोंडावर वाईट सांगण्यापेक्षा लोक वाईट बिअरचा अख्खा ग्लास रिचवतील. न्यानला रोज विचारलं तर "छान आहे." क्वेनला विचारलं तर "झकास, दादा!" गिऱ्हाइकांना विचारलं तर सगळं टेबल ग्लास उंचावून ओरडणार, "एक, दोन, तीन, यो!" आणि वर दिन्हच्याच हातात ग्लास कोंबणार. म्हणून त्याने परक्या जिभा शोधायला घेतल्या. बिअरच्या नादी लागलेले, रोज प्यालेलं रोज लिहिणारे लोक फोनवर ढिगाने होते.

निवडायची त्याची स्वतःची रीत होती. नाक शाबूत असताना प्यालेली प्रत्येक बिअर त्याला अजून तोंडपाठ होती. त्या बिअरबद्दल अमक्याने तेव्हा काय लिहिलं होतं ते तो उकरून काढायचा आणि आपल्या आठवणीशी ताडून बघायचा. जुळलं तर माणूस खरा. फुकट मिळालेल्या बाटलीला अमृत म्हणणारे पहिल्याच झटक्यात गेले. ग्लासापेक्षा स्वतःचा चेहरा मोठा काढणारे गेले. प्रत्येक बिअरमध्ये आंबाच सापडणारा एक पोरगा होता, त्याला काढताना दिन्हला जरा वाईट वाटलं, कारण पोरगा मनापासून लिहायचा. उरलेल्यांवरही त्याचा भरवसा बसेना. आज खरा वाटलेला उद्या ढोंगी वाटायचा.

अशाच एका सकाळी त्याला डॉक्टर लिऊ सापडल्या. मी थो नावाच्या गावच्या, दाताचा दवाखाना मुलाच्या हवाली करून मोकळ्या झालेल्या साठीच्या बाई. दिन्हच्या पपनसाच्या फुलांच्या बिअरबद्दल त्यांनी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं: "आधी फूल, मग पपनसाच्या सालीखालचा पांढरा कडवटपणा, आणि घोट गेल्यावर भाताच्या भांड्याचं झाकण उचलल्यासारखी वाफ."

दिन्ह ताडकन उभा राहिला. त्या बिअरमध्ये त्याने मूठभर भाजलेला चिकट तांदूळ टाकला होता, आणि हे त्याने क्वेनलाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या बिअरचा वास आला, तोही कोणा परक्या बाईच्या शब्दांतून. डोळे भरून आले तसाच त्याने बाईंना फॉलो केलं. मग त्याने सोबतचा फोटो मोठा करून बघितला. ग्लासात बर्फ होता, गळ्यापर्यंत.

त्याने बाईंना तिथल्या तिथे काढून टाकलं.

पण काढलेल्या माणसाकडे चोरून बघता येतं, आणि तो रोज बघायचा. गेल्या आठवड्यात बाईंनी लिहिलं: "पपनसाची बिअर पुन्हा घेतली. शिळं लोणी. पावाच्या गाडीवर उन्हात राहिलेलं. बर्फानेसुद्धा झाकलं नाही. दुसरा ग्लास नको. बनवणारा बरा आहे ना?"

त्या लिखाणाखाली बिअरवाल्यांनी बाईंना धारेवर धरलं होतं. बर्फवाली आजी काय, आणि काय काय. दिन्हने जरा थांबायला हवं होतं. त्याऐवजी त्याने हात दाखवून अवलक्षण केलं. स्वतःच्या नावाने लिहिलं: "बर्फात नाक बुडवून बिअरची परीक्षा होत नाही. डॉक्टरीणबाई, तुम्ही आपले दातच बघा."

लोक खूश झाले. तासाभराने बाईंचं उत्तर आलं. "बरं. बर्फ नको. आज तूच एक ग्लास घे भाऊ, वास घे, आणि काय येतो ते इथेच लिही. तू लिहिशील ते मी मानेन."

"लिहा दादा! दाखवा तिला!" खाली गर्दी जमली.

दिन्हने ग्लास भरला. नाकाशी धरला. थंडी लागली, बाकी काही नाही. तो टाक्यांमधून बारपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. जुनेच शब्द लिहून टाकावेत का? फूल, पांढरा कडवटपणा, वाफ. कोण विचारणार होतं? पण ज्या बाईच्या नाकावर आपण विश्वास ठेवला, तिलाच खोटं पाडायचं हे त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने ग्लास क्वेनपुढे सरकवला.

"झकास, दादा."

"वास कसला येतो?"

"वास... म्हणजे बिअरचाच. छान. अरे हो, नळाची ती चकती बदलायची राहिली, बघून येतो हं."

क्वेन गेला. दिन्हने फोन उघडला आणि आपण पारखून ठेवलेल्या, एवढ्या खटपटीने उरवलेल्या माणसांची पानं चाळली. हे लोक दर आठवड्याला बारमध्ये यायचे. त्यांनी त्याच्या काळ्या बिअरवर लिहिलं होतं, नव्या ग्लासांवर लिहिलं होतं, बारमधल्या मांजरावरही लिहिलं होतं. पपनसाच्या बिअरवर कित्येक दिवसांत एकानेही अवाक्षर काढलं नव्हतं. आमच्याकडे वाईट बोलत नाहीत, विषय बदलतात. दिन्ह इथेच जन्मला, इथेच वाढला, आणि एवढी साधी गोष्ट त्याला फोनमध्ये दिसली नव्हती.

न्यान मागे भाजी निवडत होती. त्याने ग्लास तिच्यासमोर ठेवला.

"पी."

"आता? हात ओले आहेत."

"न्यान, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. पी आणि सांग."

तिने ग्लासाला हात लावला नाही. "लोणी," ती म्हणाली. "त्या बाईंनी लिहिलंय तसंच. शरदाच्या चंद्रोत्सवापासून हा वास येतोय. आंबणं पुरं व्हायच्या आत तुम्ही टाकी थंड केलीत तेव्हापासून."

"तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि क्वेनला?"

"क्वेनला, गिऱ्हाइकांना, समोरच्या कॉफीवालीला. नाकाचंही सगळ्यांना माहीत आहे, अहो. जळका भात तुम्ही शांतपणे खाता. लोकांना काय डोळे नाहीत?"

"मग तू का नाही बोललीस? मी रोज विचारत होतो तुला!" दिन्ह ओरडलाच. "परक्यांची दारं ठोठावत फिरलो मी, आणि घरात—"

"विचारताना तुमचा चेहरा कसा होतो ते तुम्ही कधी बघितलंय?" न्यानचा आवाज चढला. "वाईट आहे म्हटलं असतं तर तुम्ही हे सगळं बंद करून भिंतीकडे तोंड करून बसला असता. मला ते बघवलं नसतं. म्हणून छान म्हणत राहिले. चुकले. पण तुम्हीही छानच ऐकायला यायचात!"

दिन्हला राग होता, लाजही होती, आणि सगळ्यांत जास्त जाणवत होता तो थकवा. दोन वर्षं त्याने जे लपवलं, ते सगळी गल्ली त्याच्यासाठी लपवत बसली होती. तो स्टुलावर टेकला आणि बाईंच्या त्या उत्तराखाली एकेक अक्षर दाबत लिहिलं: "मला वास येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. तुम्ही म्हणता ते खरं आहे. दातांबद्दल बोललो त्याची माफी." आणि ते पाठवून दिलं, दुसऱ्यांदा न वाचता.

बाईंचं उत्तर लगेच आलं. "रविवारी येते. बर्फ मागवून ठेव, तुझ्यासमोरच पिणार आहे."

दिन्हने त्यांना पुन्हा फॉलो केलं. मग उठून मागे गेला आणि पपनसाच्या टाकीची तोटी उघडली. बिअर फेसाळत गटाराकडे निघाली. क्वेन धावत आला आणि झाडू घेऊन बिअर लोटायला लागला.

शेजारच्या टाकीतून दिन्हने दुसरा ग्लास भरला. ही काळी बिअर, सगळ्यांनी वाखाणलेली, सणासाठी राखून ठेवलेली. तो न्यानपुढे धरला.

"आता ही. माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस."

न्यानने डोळे मिटले, वास घेतला, एक घोट घेतला, मग आणखी एक.

"आंबतेय," ती म्हणाली. "थोडीशीच, पण आंबतेय."

"नक्की?"

"नक्की. टाकून द्या."

दिन्हने तिच्या हातातला ग्लास घेतला आणि तिथे, गटाराच्या काठावर, पोरासारखा रडला. त्याला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.