बंद न करायची मोटरसायकल

मुलांनो, परवा सकाळी मी भाजी घेऊन परतले, तर डिलाईल रोडला आमच्या इमारतीखाली एक अनोळखी गृहस्थ घामाघूम होऊन उभे होते. शर्ट कडक इस्त्रीचा, हात मात्र काळे. समोर नुकतीच घेतलेली जुनी मोटरसायकल. बटण दाबलं की इंजिन अर्धवट फिरून मान टाकायचं. लोअर परळला नव्या नोकरीसाठी त्यांना थोड्याच वेळात चालू गाडी दाखवायची होती. गाडी नाही तर नोकरी नाही.

"बॅटरी झोपलीय," दूधवाला म्हणाला.

"प्लग साफ कर रे!" वॉचमन ओरडला.

मी म्हटलं, "एका वेळी एकच करून बघा, म्हणजे दोष कळेल."

"बरोबर बोललात, काकू," म्हणत त्यांनी बॅटरीच्या तारा खरवडल्या, प्लग पुसला, ऑइल ओतलं आणि टाकीवर दोन थापाही मारल्या. सगळं एकदमच! मग बटण दाबलं आणि गाडी धडधडत सुरू झाली.

"कशाने झाली हो?" मी विचारलं.

"हळू, काकू. तिला ऐकू जाईल!"

हात पुसून हेल्मेट घालेपर्यंत गाडी बंद पडू नये म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटर मला धरायला लावला. पिशवी सांभाळत मी तो धरला, आणि काय दुरुस्त झालं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही.

ते गेले. नोकरीच्या ठिकाणच्या साहेबांनी "आता बंद करून पुन्हा सुरू करा" म्हटलं असेल, तर या गृहस्थांनी काय केलं असेल?