तारलीच्या पोटातलं तेल

नव्वदीच्या दशकात मारतहळ्ळीच्या बाजारात कारवारची एक अक्का तारल्या विकायची. प्रत्येक तारलीचं पोट ती अंगठ्यानं दाबून बघायची. अंगठ्याला तेल लागलं, तर मासा भरलेला.

एका वर्षी अंगठा कोरडाच राहू लागला. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक खाणावळवाला. तो म्हणाला, "अक्का, कालवणावर तवंगच येत नाही. शिळं देतेस. उद्यापासून दुसरीकडे बघतो."

तो गेला. मी मासे घ्यायला तिथंच उभा होतो; आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही सूक्ष्मजीवशास्त्राचा. मला गप्प बसवेना. म्हटलं, "समुद्र वरून तापला की खालचं गार पाणी वर येत नाही. त्यातलं खत वरच्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना मिळत नाही. ते घटले की तारली उपाशी."

"सरी, कळलं," ती म्हणाली. "मग पाणी निवणार कधी?"

"ते माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं खाणावळवाल्याला हाक मारली. "मासा ताजा आहे, पण उपाशी आहे. कधी भरेल, ते या शिकलेल्या अण्णालाही ठाऊक नाही. हवा तर घ्या."

त्यानं निम्मेच घेतले, पण तिच्याकडूनच.

परीक्षेत 'माहीत नाही' असं मी कधी लिहिलं नव्हतं. तिनं तेच सांगून गिऱ्हाईक राखलं.