वालाच्या शेताला रंग

पेणला गणपतीच्या कारखान्यात मी रंगारी हाय, असं मी लग्नाकार्यात सांगतो. खरं म्हंजे मी उंदीर रंगवतो. डोळ्यांच्या आखणीला मला कोणी जवळ उभं करत नाय. एकदा माझ्या हातनं उंदीर तिरळा झाला, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "हा मोदकाकडं बघतोय का माझ्याकडं?" तेव्हापासून मला नुसतं अंग रंगवायला देतात. शाळेतपण माझं असंच. अंग जायचं, डोकं घरीच.

घर म्हंजे अष्टमी गावातली भाड्याची खोली. तिथं आई खाटेवर. खुबा मोडल्यापासून तिला उठता येत नाय. ती दवाखान्यात होती तेव्हाच कोलाडकडचं आमचं शेत नव्या रस्त्यात गेलं. डोक्याच्या वर जाईल एवढा मातीचा भराव पडला त्याच्यावर. तिला सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी उद्यावर ढकलत होतो.

भात निघालं की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरायचो. वरनं पाणी द्यायचं नाय. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, तेवढ्यावर येतो वाल. थंडी पडली तशी आईनं विचारायला घेतलं.

"वाल कसा आलाय रे?"

"बरा हाय."

"बरा म्हंजे? फुलला का?"

"व्हय, फुललाय की."

"मग फोटू दाखव. त्या डबड्यात बघत असतोस ना सारखा?"

फोटो होता, पण मागल्या वर्षीचा. बांधावर रस्तेवाल्यांनी हद्दीला पुरलेले पांढरे दगड त्यात दिसत होते. आणि कोपऱ्यात माझा अंगठा. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत माझा अंगठा असतो.

कारखान्यात शेले रंगवणारी एक बाई हाय. तिला सांगितलं, तर म्हणाली, "दादा, मोबाइलात फोटोचं पेंटिंग होतं. ब्रश मारल्यासारखं. दगड दिसणारपण नायत." तिनं ते ॲप घालून दिलं. इंग्रजी मला वाचता येत नाय, चित्रं बघून दाबत गेलो. दाबलं की शेत थरथरायचं आणि रंगाचे फटकारे उमटायचे. दगड विरघळले. मग मला चेव आला. हिरवा वाढवला, अजून वाढवला. उंदराच्या पुढं मला कोणी जाऊ दिलं नव्हतं, आणि आज अख्खं शेत बोटाखाली.

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"हा डोंगर कुठचा?"

"लांबचा हाय गो."

तो माझा अंगठा होता, नखासकट.

मग तिचं तोंड उतरलं. "एवढं हिरवं? शेतात पाणी कोणी सोडलं रे? मुळं कुजतील, वाल जाईल सगळा. जा, बांध फोड आधी."

ती जेवली नाय. मी शेत चांगलं दिसावं म्हणून धडपडलो आणि तिचं पीक बुडवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाचा डबा बाजूला ठेवून बसलो. हिरवा उतरवला. माती पिवळट केली. ब्रशाला भेगा काय जमेनात, मग कोळशानं काढल्यासारखं एक चित्र होतं ते दाबलं, तेव्हा जमीन जरा फाटल्यासारखी झाली. फोटोतला अंगठा कापला.

शेलेवाली डोकावली. "दादा, आता भकास दिसतंय हो."

"असंच असतं ते," मी म्हटलं. आणि पिवळा अजून थोडा वाढवला. ती आपल्या शेल्याकडं वळली.

आईला ते पटलं. "हां, आता भरतील शेंगा." तिनं मोबाइल उशीखाली ठेवून घेतला. कोणाचा फोन आला तर तीच उचलायची आणि सांगायची, "शेत बघतेय. नंतर कर."

मग म्हणाली, "मूठभर शेंगा तरी आण."

कोलाडला रस्त्याकडेला एक बाई बसते, तिच्याकडनं घेतल्या. येताना भरावाकडं बघितलं नाय. मिठाच्या पाण्यात उकडून आईपुढं ठेवल्या. तिनं एक दाणा काढून तोंडात टाकला आणि किती तरी वेळ चावत राहिली.

"कुठनं आणल्यास?"

"शेतातनं."

"कोणाच्या?"

मी हसलो. मला दुसरं काय येतं?

"आपला वाल कडवा. हा गोड हाय." तिनं शेंगा बाजूला सारल्या. "शेत गेलं ना रे?"

"व्हय गो आये."

"कशात?"

"रस्त्यात."

ती रडली नाय. तिनं उशीखालनं मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "ह्यात तू काय काय केलंस ते असू दे. पहिला फोटू काढ, होता तसा."

काढला. दगड आले, अंगठा आला. तिनं दगडांवर एकेक बोट ठेवलं.

"रस्ता कुठनं कुठं गेलाय, दाखव."

मी बोटानं दाखवायला गेलो, तर फोटोच सरकला. परत आणला, परत सरकला. शेत सारखं हाताखालनं निघून जायचं.

आईनं मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. "बोट टेकवू नको," ती म्हणाली. "वरनंच दाखव."